झाकण

करारात तीन वर्षं लिहिली आहेत.
विम्याची रक्कम वेगळ्या कागदावर,
एवढी, की आमच्या गावची शाळा, चर्च
आणि मासळीचा बंद कारखाना मिळून
तेवढ्याला विकला जाणार नाही.

माझं काम भोकं मोजायचं.
डाव्या पंखावर अकरा, शेपटीवर चार,
वैमानिकाच्या खिडकीखाली एक,
त्यात माझी करंगळी जाते
आणि गार होऊन परत येते.
प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाचा फोटो.
जर्मनीहून वीबके लुअर्सनने विचारलं होतं :
गंज पसरू नये म्हणून कडा थोड्या भरून घेऊ का?
मी कळवलं, नको.
भोकंही उसनीच देतोय आम्ही.
नेली तशी आणून द्या.

ट्रेलरवर पट्टे आवळताना ओडगाइर म्हणाला,
"चला, घरी निघालं म्हणायचं."
घर कुठलं, मी मनातल्या मनात हिशेब मांडला.
कारखान्यात एक हिवाळा.
हवेत जेमतेम चार महिने.
तळ्याच्या बुडाशी त्रेचाळीस वर्षं,
आणि उरलेली आमच्या या शेडमध्ये, हीटरशेजारी.
हिशेबानं बघितलं तर ते तळ्याचं आहे.
तळ्यानं कुठल्या कागदावर सही केली नव्हती.

दुपारी तोरब्यर्ग आली. बर्फातून, काठी टेकत.
बेचाळीस पायऱ्या चढून नव्हे, मागच्या दारानं,
जिथून सामान येतं-जातं.
पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही काढलं :
दुधाच्या भांड्याचं झाकण.
ॲल्युमिनियमचं, ठोकून गोल केलेलं, मधे लाकडी मूठ.

"सात वर्षांची होते मी.
सतरा दिवस उभं होतं ते तळ्यावर, बर्फ फुटेपर्यंत.
चौघे उतरून चालत गेले.
एकानं आमच्या दारात पाणी मागितलं.
आईनं दिलं,
आणि तो गेल्यावर लाकडी पेला चुलीत घातला.
रात्री मात्र वडिलांच्या मागोमाग स्वतः गेली,
पत्रा कापायची कात्री घेऊन."

एवढं बोलून ती खुर्ची शोधू लागली.
मी झाकण घेऊन शिडीवर चढले.
उजव्या इंजिनाच्या मागे एक रिकामी जागा आहे,
आमच्या यादीत तिला "हरवलेला भाग" म्हणतात.
कडेची तीन रिव्हेटं जुळली.
चौथं नाही जुळलं. तिथं तिच्या वडिलांनी
मुठीसाठी पत्रा वाकवला होता.

"जायचंच असेल तर सगळंच जाऊ दे," ती म्हणाली.
"पण मलाही कागद हवा.
तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं.
मी ब्याण्णव वर्षांची आहे,
उशीर करू नका म्हणावं."

मी कागद केला.
वस्तू : झाकण, एक.
मालक : तोरब्यर्ग स्काल्विक.
विम्याच्या रकमेपाशी आम्ही दोघी अडलो.
तिनं बराच विचार करून सांगितलं, बारा क्रोनर.
मग म्हणाली, नको, पंधरा कर, मूठ नवी आहे.

आता शेडमध्ये चाकांच्या जागी दोन फिकट ठसे.
तेलाचे थेंब पडायचे त्याखालचं पातेलं
मी उचललेलं नाही.
शाळेची मुलं आली तेव्हा
मधोमध आडवी झाली, हात पसरून,
आणि पंखाच्या टोकापर्यंत किती मुलं लागतात ते मोजलं.
एकोणीस, आणि एक बूट.

वीबकेचं पत्र आलं गेल्या आठवड्यात.
लोक विमानाभोवती एक फेरी मारतात,
मग झाकणापाशी थांबतात, लिहिते.
आतल्या बाजूला पांढरट कड आहे, दुधाची असावी.
आम्ही पुसलेली नाही.

दर महिन्याच्या एक तारखेला फोन वाजतो.
किती राहिले?
एकतीस महिने, मी सांगते.
पलीकडे थोडा वेळ काहीच नाही,
मग रेडिओ, मग भांड्याचा आवाज.
"बशी घसरते," ती म्हणते,
आणि फोन ठेवते.