पडद्याच्या मागच्या बाजूनं

ज्वारीची काढणी उरकली की
दुधनेच्या कोरड्या पात्रात तंबू पडायचा.
पडदा मधोमध. पुढं गडीमाणसं,
मागं आम्ही: बाया, लेकरं,
आणि तंबूच्या दोरीला कुणाची तरी शेळी.
मागचं तिकीट निम्म्या पैशात, कारण चित्र उलटं.
पाट्यांवरची अक्षरं पाठमोरी,
सगळं गाव डावखुरं.

त्या साली भुताचं चित्र होतं.
भूत पुष्कळ वेळ आलंच नाही.
एक बाई केस विंचरत होती, एवढंच.
पण तिला कडेला सारून
बाकीची चौकट कुणीतरी मोकळी ठेवली होती,
पंगतीत एक पाट रिकामा ठेवावा तशी.
आम्ही साऱ्या त्या पाटाकडं बघत बसलो.
"आता तिथं कोण येऊन बसतंय गं माय?"
गयाबाई पुटपुटली.
कुणी बसलं नाही.
मागचं दार तेवढं चार बोटं उघडं होतं
आणि त्यात चार बोटं काळोख.

मग सावली. माणसाच्या आधी सावली,
भिंतीवर चढत चढत गेली
आणि छताशी मानेत मोडली.

पडद्याला एक ठिगळ होतं,
मशीनवाल्या हमीदुल्लानं दाभणानं शिवलेलं.
ती पांढरी बाई सरकत सरकत त्या ठिगळात आली
आणि तिच्या गालाला टाके पडले.
तेवढ्यात पात्रातून वारा सुटला.
कापड फुगलं, आत गेलं, पुन्हा फुगलं;
चेहरा श्वास घ्यायला लागला.
हे चित्र काढणाऱ्यानंसुद्धा योजलं नसेल.
पोरी एकमेकींच्या पदरात शिरल्या.
शेळी तेवढी रवंथ करत राहिली.

घरी आलो.
आईनं दूध तापवायला चूल पेटवली, फुंकायला वाकली,
आणि उजेड खालून वर गेला:
हनुवटी, नाकपुड्या,
मग डोळ्यांच्या जागी दोन खोबण्या.
रोज बघत होते की मी हे!
त्या रात्री किंचाळले.
"काय झालं गं?" म्हणत तिनं मान वळवली,
उजेड निसटला,
आई परत आली.

नागोराव बापूंसोबत पुढं बसला होता.
तो म्हणे, ती विहिरीच्या उजवीकडं उभी होती.
मी म्हणे, डावीकडं. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.
ह्यावरून आम्ही वर्षानुवर्षं भांडलो,
जेवताना, शेंगा फोडताना, एकदा तर त्याच्या हळदीत.
लहानपणी झोपताना तो घराच्या उजव्या कोपऱ्याकडं
पाठ करायचा नाही, मी डाव्या.
एका वाकळेखाली, एकमेकांकडं पाठ करून,
दोघं दोन कोपरे राखत.

परवा त्यानं लातूरहून मोबाइलवर तेच चित्र धाडलं.
खाली लिहिलं : बघ आता. उजवीकडंच आहे.
होती. तळहाताएवढी, सपाट, गुळगुळीत.
ना ठिगळ, ना वारा.
चुन्यात बुडवलेली बाहुली जशी.
हसले मी. साठीतली बाई, एकटीच हसले.

मग रात्री लाइट गेली तेव्हा
उठून न्हाणीतल्या आरशासमोर मोबाइल धरला.

ती डावीकडं आली.
आरशावरून उजेड माघारी फिरला,
खालून वर,
आणि तिच्या वरच्या अंधारात
आई वाकली होती, फुंकायला.