कललेला आ

पोर्ट सुदान. भाड्याची खोली, वीज गेलेली.
सित्तना फोनपुढे बसून पाठ म्हणते,
फोन ऐकतो.
हिरवं, हिरवं,
मग पहिल्याच पानावर एक शब्द लाल.

चुकलात. पुन्हा म्हणा.

ती पुन्हा म्हणते. पुन्हा लाल.
ती म्हणाली 'मलिक', निवाड्याच्या दिवसाचा राजा.
त्याला हवा 'मालिक', त्याच दिवसाचा धनी.
एका कान्याचा फरक.
दोन्ही खरे, हे ती सातव्या वर्षी शिकली होती;
फोनला कुणी शिकवलं नाही.

अल-उबैदच्या कडेला बापाची खलवा होती.
काजळी आणि बाभळीचा डिंक खलून शाई,
लाकडी फळीवर धडा,
पाठ झाला की फळी धुवायची
आणि ते काळसर पाणी
तापाने फणफणलेल्या कुणाला तरी पाजायचं.
रात्री शेकोटीभोवती साठ पोरं, साठ आवाज,
आणि फकी बाबिकर डोळे मिटून
नेमकी एकाचीच चूक पकडायचा.

'नार' म्हणजे आग. तो शब्द आला
की बापाचा आ किंचित ए कडे कलायचा,
पाण्याची घागर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेताना
बाई कलते तेवढाच.
हे मी केलेलं नाही, तो म्हणायचा,
मला असंच मिळालं.

आता खलवा नाही. बापही.
भाऊ अल-तोम कैरोत रात्रपाळीनंतर
त्याच्या हस्तलिखिताचे फोटो बघत एकेक अक्षर टंकतो.
महिनाभर त्या कलण्याच्या जागी
रिकामा चौकोन उमटत होता,
भिंत नसलेल्या खिडकीसारखा.
काल त्याने फाइल पाठवली. उघडून बघ.

नूनच्या खाली एक भरीव ठिपका.

तिने बोटांनी पान मोठं केलं,
ठिपका मसुराएवढा झाला, मग नाण्याएवढा.
पण किती कलायचं
ते ठिपका सांगत नाही.

म्हणून तिने तो एकच शब्द
सात वेळा म्हणून पाठवला,
मागे शेजाऱ्याचा जनरेटर धडधडत असताना.

पहाटे उत्तर आलं.
तिसरा बाबांसारखा आहे.
बाकीचे पुसू?

फळी असती तर तिने धुतली असती.
राहू दे, तिने लिहिलं,
सहाव्यात मी खोकले आहे, तोही राहू दे.