कलम सात

हवालदारानं कागद पुढे सरकवला.
अक्षर तुमचं का, विचारलं.
होय म्हणालो. माझा र लांबूनही ओळखू येतो.
वेंगुर्ल्यात टपालकचेरीसमोर माझं टेबल,
पंचवीस वर्षं लोकांचे करार लिहितो.

मच्छीमार सोसायटीचा बर्फाचा कारखाना.
समुद्राकडची भिंत खाऱ्या वाऱ्यानं सोललेली.
गिलावा, रंग, ठेका आल्मेडांचा.
ते आणि चेअरमन केळुसकर
एकाच बाकावर बसून चहा प्याले,
आणि मी लिहिलं, नेहमी लिहितो तसं:
परांची सुरक्षित राहील याची
योग्य ती दक्षता घेण्यात येईल.

घेण्यात येईल.
हातात धरलेल्या वामासारखं वाक्य.
शाळेत गुरुजी सांगायचे, क्रियापदाला विचारा, कोण?
उत्तर येईल तो कर्ता.
या क्रियापदाला कोणी काही विचारलं नाही.
चहा गरम होता, दोघांना घाई होती.

परांची सत्यवान गिरपनं बांधली,
तीन थर, सुंभाच्या गाठी,
गाठ मारताना तो ओठ चावायचा.
आल्मेडांनी पहिल्या दिवशी हलवून बघितली,
मग त्यांचं दुसरं काम निघालं कणकवलीला.
आडव्या बांबूंवर कुणीतरी ओली जाळी टाकली,
वाऱ्यानं ती शिडासारखी फुगायची
आणि सगळा सांगाडा करकरायचा.
हरकत घेतली नाही कोणी.
हरकत कोणी घ्यायची, तेही कागदावर नव्हतं.

एका रात्री सोसायटीच्या राखणदारानं
दुसऱ्या थरावरची एक फळी सोडवली
होडीत बर्फ चढवायला.
"दोन मिन्टांसाठीच नेललंय,"
चौकीत सांगताना तो लहान पोरासारखा रडत होता.

सकाळी सत्यवान रंगाचा डबा घेऊन
एक पाऊल मागे सरकला,
काल जिथे फळी होती तिथे.

जगला. बांबोळीच्या दवाखान्यात आहे, कंबरेत सळी घातली.

आल्मेडा म्हणाले, फळी मी काढली नाही.
केळुसकर म्हणाले, परांची माझी नाही.
दोघंही खरंच बोलत होते,
दोघांचंही बोट माझ्या ओळीवर होतं.

चौथ्या दिवशी सत्यवानची बायको, गुणवंती,
टेबलापुढे येऊन उभी राहिली.
"फळी कोणी काढल्यान?
काढल्यार कोणी बघूक नाय?"
काढलंय म्हणजे मी.
काढलंस म्हणजे तू.
काढल्यान म्हणजे तो.
तिच्या बोलीत माणूस क्रियापदालाच चिकटलेला,
सुटा करायला गेलं तर शब्दच तुटतो.
माझी आईही असंच बोलायची.
मी तिची भाषा मुद्रांकावर कधी आणली नाही,
ती अशुद्ध वाटायची.

भिंत अर्धीच होती. गेल्या महिन्यात दोघं पुन्हा आले.
या वेळी लिहिलं:
परांची आल्मेडा बांधतील.
रोज कुणी चढण्याआधी, आणि वादळवाऱ्यानंतर पुन्हा,
आल्मेडा स्वतः किंवा त्यांनी नावानिशी नेमलेला माणूस
ती तपासील, वहीत सही करील.
सोसायटीचं कोणी तिची फळी, दोरी, बांबू हलवणार नाही,
तिच्यावर जाळं टाकणार नाही. हे केळुसकर पाहतील.
वही दर सोमवारी केळुसकर मागतील.
सही नसेल तर काम थांबवतील.
जो चढणार, तो नको म्हणाला
तर त्याची मजुरी कापणार नाही. कोण? आल्मेडा.

केळुसकर म्हणाले, फार टोचतं हो हे.
आल्मेडा म्हणाले, आधीचं वाचायला बरं होतं.
चहा मागवला नाही कोणी.
सह्या मात्र केल्या.

आणि त्या दिवशी चौकीत,
माझा जबाब लिहून झाल्यावर
हवालदारानं तो वाचून दाखवला:
सदर कलम सात लिहिण्यात आले.
मी म्हणालो, साहेब, एवढं खोडा.
त्यानं वर बघितलं.
मग काय घालू?
माझ्या तोंडून आईचा शब्द आला:
लिवलंय.