सात-एफ

नांदेड ते हैदराबाद. पंख्यांचं विमान, बहात्तर खुर्च्या,
एकही रिकामी नाही.
दार लावायच्या आधीच सात-डीची घंटा वाजली.
मुक्कावार साहेब रुमालातूनच बोलले,
"मॅडम, इथं काहीतरी मेलंय."

मेलेलं काही नव्हतं.
खिडकीशी, सात-एफवर, व्यंकटी गुट्टे बसले होते, तालुका लोहा,
धोतर, कांजी केलेला सदरा,
पट्ट्याचं दुसरं टोक शोधत.
आणि त्यांच्याभोवती एक बोकड उभा होता,
दिसत नव्हता एवढंच.

आम्हाला प्रशिक्षणात शिकवलंय :
वास म्हणायचं नाही, 'अस्वस्थता' म्हणायचं.
गुडघ्यावर बसायचं, नजर प्रवाशाच्या नजरेखाली,
आवाज शेजाऱ्यालाही जाऊ नये इतका.
ते पुस्तक लिहिणाऱ्याला बहुधा कायमची सर्दी असावी.
जिंतूरला माझ्या आईकडे
कुबट वेगळं, कोंदट वेगळं,
तेल खवट, ताट ओशट, पीठ आंबूस,
मटण धुतल्या पाण्याला हिंवस,
बोकड उग्र.
अस्वस्थ फक्त माणूस.

गुडघ्यावर बसले. पाठ केलेलं वाक्य हिंदीत सुरू केलं,
अर्ध्यात अडकलं, आणि तोंडातून घरचं निघालं :
"मामा, कशाचा वास यायलाय?"

"यायलाय की!" अख्ख्या विमानाला ऐकू गेलं.
"माझा मलाच यायलाय.
दोनदा आंगुळ केली, वज्रीनं घासलं,
पण निघताना कलेक्टरनं डोकं घासलं न् इथं."
कलेक्टर म्हणजे बोकड.
माळेगावच्या जत्रेत पहिला आलेला,
हैदराबादच्या कुणीतरी पैदाशीला घेतलेला.
"त्यो टेम्पोत, मी इमानात.
तुमी असल्याबिगर चारा खायचा नाही म्हणला घेणारा.
तिकीट त्येनंच काढलंय."

मुक्कावार साहेबांना हे ऐकायचं नव्हतं.
खिशातून बाटली काढली. फुस्स, फुस्स.
आधी स्वतःच्या मानेवर,
मग दोन खुर्च्यांमधल्या दांड्यावर, सरहद्द आखावी तसं.
मागून खोकल्याची उबळ आली.
आठ-डीवर रझिया आपा, हातात दम्याचा पंप :
"बकरा चलता बेटा, ये सेंट नक्को."

मग भांडणच.
"पैसे मोजलेत मी."
"मग आमी काय फुकट बसलो?"
"जनावरांसोबत..."
"जनावर टेम्पोत हाय, म्हणलं ना."
कुणीतरी मोबाईल उंच धरला, तो खाली करायला लावला.
बाटली मागून घेतली. हवेची जाळी फिरवली.
कॉफीची दोन पाकिटं फोडून कागदी कपात ठेवली,
हे पुस्तकात नाही.
साहेबांच्या रुमालात लिंबाची फोड, हेही नाही.
कुणी जागा बदलेल का, विचारलं.
सगळे खिडकीबाहेर बघायला लागले,
ज्यांना खिडकी नव्हती तेसुद्धा.

मामांना मी ओला रुमाल दिला.
का दिला, ते त्यांना कळलं.
हात पुसले, मान पुसली,
घडी घालून परत केला.
गोदावरी त्यांच्याच बाजूनं गेली, पाहिली नाही.
कोपरं आत घेऊन,
पन्नास मिनिटं, जन्मात पहिल्यांदा आभाळात,
ते आपल्या खुर्चीपेक्षा लहान लहान होत गेले.
बोकड तेवढाच राहिला.

उतरताना साहेब पहिले, मामा सगळ्यांत शेवटी.
पायरीवर थांबले.
"पोरी, परभणीकडची का? बोलण्यावरनं वाटलं."
हो म्हणाले. इतक्या हळू, की पुस्तकवाले खूश झाले असते.
"वापस एसटीनंच जातो," म्हणाले,
जसं काही मीच विचारलं होतं.

रात्री फॉर्म भरला.
घटनेचा प्रकार : अस्वस्थता.
खुर्ची : इथं नुसतंच सात लिहिलं, पुढचं अक्षर सुचेना.
तक्रार मिटली का? होय. नाही.
दोन्ही चौकोन कोरे ठेवले,
बाजूला लिहिलं :
उतरली.