साल

जून लागला की आलेंतेजूत कुऱ्हाडींना धार लागते.
बुचाच्या ओकाची साल
नऊ वर्षांतून एकदाच सुटते;
ती सोडवून घ्यायला आम्ही जातो,
एका खोडाला दोन माणसं,
पहाटे पाचला, डोक्यावर ओला रुमाल.

साल काढली, की उघड्या खोडावर
पांढऱ्या रंगात साल लिहायचं.
फक्त शेवटचा आकडा.
बाकीचे सगळ्यांना माहीत असतात.

सहाच्या साली
आदेरितु आणि मी एकाच ट्रॉलीतून आलो.
एकाच दुकानातले बूट,
दुपारपर्यंत चारही तळहातांना फोड.
मुकादम बेलमिरुनं आमच्याकडे धड पाहिलंही नाही.
म्हणाला, कुऱ्हाड ऐका.
बरोबर बसली तर पोकळ बोलते.
गच्च आवाज आला, तर समजा तुम्ही झाडात गेलात.

तिसऱ्या दिवशी मी झाडात गेलो.
बोटभर.
खाचेतून ओल वर आली.
इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं,
एक खेचर तेवढं बघत होतं.
थुंकून माती कालवली, खाचेत दाबली
आणि खोडाच्या दुसऱ्या अंगाला गेलो.

त्याच दुपारी आदेरितुचीही कुऱ्हाड घसरली.
त्यानं हाक मारली,
अख्ख्या रानाला ऐकू जाईल अशी,
आणि मुकादम येईपर्यंत
जखमेवर तळहात दाबून उभा राहिला,
जसं काही रक्त थांबवायचंय.

बेलमिरुनं त्याला मनसोक्त शिव्या घातल्या.
त्याच्या आईला, त्याच्या गावाला,
त्या गावात त्याला कुऱ्हाड विकणाऱ्याला.
मग मागे उभं राहून त्याचं मनगट धरलं
आणि दोघांची मिळून एक कुऱ्हाड
उतरत राहिली, ऊन कलेपर्यंत.

संध्याकाळी हजेरीच्या वहीत
आदेरितुच्या नावापुढे लिहिलं : नवशिका.
माझ्या नावापुढे : नवखा.

मला वाटलं, एकाच माळेचे मणी.
त्याच्या शब्दात एक ‘शि’ जास्त,
तो शिव्यांचा, असं मी धरून चाललो
आणि मनात हसलोसुद्धा.
रोज दोघांना सारखाच होता,
हरभऱ्याच्या रश्शात पावही तेवढाच.

पुढच्या उन्हाळ्यात
त्याच्या नावापुढचा शब्द खोडला गेला.
माझ्यापुढचा राहिला असेल.
मी पाहिलं नाही; मी दुसऱ्या रानांत जाऊ लागलो,
जिथे मुकादम फक्त ढीग मोजायचे.
हात बसला. वेग आला.
लोक मला जुना म्हणू लागले.

यंदा पाचचं साल.
सहाचा आकडा लिहिलेल्या झाडांपाशी
नऊ वर्षांनी परत आलो.
माझं झाड लगेच ओळखलं.
खाचेवर साल धरलीच नव्हती,
कडेनं मात्र ओठ मुडपल्यासारखी जाड झाली होती.
माती कधीच वाहून गेलेली.

आदेरितुचंही झाड सापडलं.
त्याचा व्रण माझ्याएवढाच,
खरं तर थोडा मोठा.
झाडाला हे दोन शब्द येत नसावेत.

मग सहज म्हणून मोजत निघालो.
त्याच्या हातचा तो एकच.
माझे, तिथून ओढ्यापर्यंत, अकरा.
ओढ्यापलीकडे मोजले नाहीत.
इतर रानांचं तर
आज बोलायलाच नको.

बेलमिरु आता नाही.
वही आदेरितुकडे आहे,
तीच, फक्त पुठ्ठा नवा.
तो टेकाडावर पोरांना पाणी वाटत होता.

मी परत पहिल्या झाडाशी आलो.
कुऱ्हाड खाली ठेवली. हाक मारली.
घसा खरखरला, शब्द अर्धाच निघाला,
पुन्हा मारली.
खाचेवर तळहात धरला.
जखम जुनी होती, कोरडी ठणठणीत,
थांबवण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.
तरी धरून उभा राहिलो.

टेकाड उतरताना तो
खिशात पेन्सिल चाचपत होता
आणि लांबूनच
शिव्या द्यायला लागला होता.