सोडणारा कागद

बिटको चौकातला झेरॉक्सवाला आता मला पाहिलं
की मशीनवर हात आडवा ठेवतो.
"ताई, मागच्या वेळी ड्रममध्ये अर्धा सप्टेंबर अडकला होता."
खरं आहे. द्राक्षांवरच्या औषधाचं कॅलेंडर होतं,
चकचकीत, पण फार जाड.

त्याआधी गंगापूर रोडच्या फ्लॅटांचं माहितीपत्रक,
स्विमिंग पुलाच्या निळ्यावर माझ्या काळ्या रेघा.
इस्त्रीखाली त्याला फोड आले.
फोटोचा कागद महाग, वर इस्त्रीलाच चिकटला.
स्टिकरच्या पिवळ्या पाठीने टोनर धरलाच नाही,
घरी येईतो सर्किट पिशवीत सांडलं.

शेवटी पगारेनाना.
छत्तीस वर्षं प्रेसमध्ये. आतलं कधी बोलले नाहीत,
नोटांचा विषय निघाला की मेथीचा भाव विचारायचे.
कान मशीनींनी नेले, बोटं राहिली.
मी कागद पुढे केले. त्यांनी डोळे मिटून
एकेक कोपरा अंगठ्याखाली वाजवला.
मी ओरडून सांगितलं,
शाई धरून ठेवणारा नकोय, नाना, सोडणारा हवाय.
तापला की सगळं तांब्यावर ठेवून निघून जाणारा.

"जन्मभर याच्या उलटं केलं की गं.
घामात भिजो, धुण्यात जावो,
सुटता कामा नये."
मग रद्दीतून एक पान ओढलं,
बंद पडलेल्या मासिकाचं, पातळ,
मागे कैरीच्या लोणच्याची कृती.
कोपरा जिभेला लावला.
"याला मातीचा हात दिलाय. पाण्यात नांगी टाकेल."

रविवारी तांब्याचा पत्रा घासणीने लख्ख केला,
उलटी छापलेली नक्षी पालथी घातली,
इस्त्री सुतीवर, वाफ बंद,
आणि पाच मिनिटं अंगाचा सगळा भार.
बादलीत वीस मिनिटं.
मोहरी, मेथ्या, मीठ अंदाजाने,
सगळ्याचा लगदा अंगठ्याखाली निघत गेला.
दोन रेघांच्या मधे एक 'हिं' तेवढा हटेना,
टूथब्रशने काढला.
शेवटच्या वळणावर रेघ तुटली होती,
ती मार्करने सांधली.
फेरिक क्लोराइडचे डाग अजून मोरीत आहेत,
आई रोज दाखवते.

आता नानांच्या दाराची बेल दाबली
की आत लाल दिवा लागतो.
काल तीनदा दाबली.
खिडकीतून दिवा दिसत होता,
नानाही दिसत होते,
पण दार उघडायला उठेनात.
दिव्याकडेच बघत बसले होते.