घंटीवरचं नाव

शिबेनिकच्या या जिन्यांच्या गल्लीत
एकोणसाठ पायऱ्या चढल्या की माझं दार.
दारावर दोन घंट्या. खालची वाजत नाही.
वरच्या घंटीखाली चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने
इरासेमा.

हे नाव लागायला चार महिने गेले.
आधी रेसिफेच्या पोलिसांनी लिहून दिलं
की ही बाई गुन्हेगार नाही.
मग त्याच कागदावर आणखी एक शिक्का,
की आधीचा शिक्का खरा आहे.
मग दोन्ही शिक्क्यांचं आमच्या भाषेत भाषांतर
आणि भाषांतर करणारीचा तिसरा शिक्का, गोल.
बँकेत किती, विमा कुठवर,
आजारी पडलीस तर कोण.
शेवटी मालकाचं पत्र:
राहील तिथे, पण तिथल्या कुणाचंही काम करणार नाही.

काउंटरमागे यादरान. याला मी उघडा पाहिलाय,
धक्क्यावर खेकडे धरताना.
तो मलाच विचारतो, घर तुमचंच का?
म्हटलं, आईला विचार, तुझ्या बाप्तिस्म्याचा केक
कुणाच्या ओट्यावर कापला.
हसला नाही. सरकारी खुर्चीत बसलं की
माणसाचे दात आत जातात.
"घराचा उतारा लागेल," म्हणाला.
मी पुन्हा एकोणसाठ पायऱ्या.

माझं दुपारचं जेवण आवरलं की ती कामाला बसते,
तिकडे तेव्हा सकाळ.
दातांच्या दवाखान्यांचे हिशेब.
भिंतीपलीकडून पोर्तुगीज आकडे येत राहतात,
समुद्राच्या त्या टोकाला कुणाची तरी दाढ
हप्त्यांनी फेडली जातेय.
रात्री दहाला खुर्ची सरकते, नळ सुटतो.
त्या आवाजावर मी दिवा मालवते.
ही सवय लावून घ्यायला नको होती.

ऑक्टोबरात ऑलिव्ह उतरवायला आली.
शिडीवरूनच विचारते, हे काम धरतील का?
म्हटलं, पैसे दिले तर काम,
जेवू घातलं तर पाहुणचार.
तीन ताटल्या भाजी खाल्ली तिने, बटाटा घातलेली,
आणि कायदा काही मोडला नाही.

माझा तिहोमिर कॉर्कला असतो.
त्याला यातलं काहीच लागलं नाही.
एक ओळखपत्र, एक पाठपिशवी, पहाटेचं विमान.
परत यायलाही लागत नाही,
ना अर्ज, ना रांग, ना आईच्या घराचा उतारा.
सात नाताळ झाले.
खालची घंटी त्याची.

आता तिचं वर्ष भरत आलं.
नियम असा, की मुदत वाढत नाही;
सहा महिने बाहेर राहायचं, मग नवा अर्ज.
म्हणजे यायचं असेल तर आधी जायला हवं.
मी यादरानला म्हटलं, हे कुणाला सुचलं रे?
तो म्हणाला, काकू, मला तर फक्त शिक्के येतात.

तिच्या टेबलावर देशांची यादी पडलीय.
कुठे पगार तोकडा पडतो, कुठे भाडं डोईजड,
कुठे व्हिसा आहे पण दोन महिने तारीख नाही.
अल्बानियासमोर तिने प्रश्नचिन्ह काढलंय
आणि त्या प्रश्नचिन्हाला, बसल्या बसल्या, मिशा.
"तिराना तसं जवळच," ती म्हणते.
मी म्हणते, हो, जवळच.
कॉर्कबद्दलही मी शेजाऱ्यांना हेच सांगते.

पोरगी माझी नाही. भाडं देते, पावती घेते.
खोली उन्हाळ्यात पर्यटकांना दिली
तर तिप्पट मिळतील, हेही मला कळतं.
सहा महिने रिकामी ठेवणं म्हणजे
शुद्ध वेडेपणा, असं आमच्या बँकेतला मुलगा म्हणेल.
त्याला विचारलंच नाही.

आज उत्तरेचा वारा सुटला, बुरा म्हणतात आम्ही त्याला,
दोरीवरचे चिमटेसुद्धा उडवतो.
चिकटपट्टीचं एक टोक उचललं होतं.
अंगठ्याने दाबून धरलं.
धरूनच उभी राहिले जरा वेळ,
तेवढ्यात खालून यादरानची आई ओरडली,
स्मिल्याना, सार्डिन आले, ताट घेऊन ये,
आणि ताट आणायला
मला हात काढावा लागला.